ट्रायलवाली सिस्टर

सकाळी सव्वासातला आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. नुसती ये-जा आणि विचारणा. गॅसवर एकीकडे दूध, एकीकडे भाजी, नवरा अर्ध्या गालाला साबण लावून मोजे शोधतोय, आणि आतल्या खोलीतून सासूबाई "किती वाजले गं?" म्हणून दर पाच मिनिटांनी विचारतायत, घड्याळ त्यांच्या समोरच्याच भिंतीवर असताना. त्या दिवशीही असंच चाललं होतं आणि दार वाजलं. आमच्याकडे बेल आहे, चांगली चालू आहे. तरी कोणीतरी बोटांनी तीनदा, हळूच, टकटक केलं.

"कचरेवाली असेल," नवरा म्हणाला.

"कचरेवाली इतक्या अदबीनं वाजवत नाही," असं म्हणत मी पदराला हात पुसले आणि दार उघडलं.

दारात बारकी उभी होती. पांढरा स्वच्छ युनिफॉर्म, कडक इस्त्री, केस जाळीत बांधलेले, पायात पांढरे बूट आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल. तिची ड्यूटी सातला सुरू होते हे मला पाठ होतं. पावणेसातला तिचे बूट खालच्या पायऱ्यांवर वाजले की मी भाजीला फोडणी टाकायची, इतकं ते पक्कं होतं. सव्वासातला तिनं आमच्या दारात उभं राहण्याचं काही कारणच नव्हतं.

"काकू, एक अर्ज लिहून द्याल?"

"आत ये आधी. ड्यूटी नाही का आज?"

"आजपासून येऊ नको म्हणालेत." आवाज अगदी सपाट. मग खाली जिन्याकडे बघून हळूच म्हणाली, "आईला सांगितलं नाहीये. तिनं रोजच्यासारखी इस्त्री करून दिली, मी रोजच्यासारखी घालून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले."

मागे दूध उतू गेलं. नवऱ्यानं साबणाच्या हातानं गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला. तो न सांगता ओटा पुसतो तेव्हा मला कळतं, त्यालाही लागलंय.

बारकी म्हणजे तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या वहिनींची तिसरी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बारकी. आता दोन्ही बहिणींपेक्षा वीतभर उंच आहे, तरी नाव तेच राहिलं. वहिनी तळमजल्याच्या खोलीत टेबल टाकून अख्ख्या इमारतीच्या कपड्यांना इस्त्री करतात. याच टेबलाच्या खाली बसून बारकीनं बारावी केली आणि याच टेबलाच्या कडेला पुस्तक टेकवून नर्सिंगची चार वर्षं काढली. वर कपड्यांचा ढीग, मध्ये वाफ, खाली हाडांची नावं. परीक्षेच्या दिवसांत मी जिना उतरले की वहिनी डोळ्यांनीच खुणावायच्या, हळू बोला, पोरगी मूत्रपिंडापर्यंत आलीय.

ती पास झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सासूबाईंना झाला, त्यात थोडा स्वार्थही होता. त्यांच्या पायाला जखम होती, रोज ड्रेसिंग लागायचं. मी केलं की त्या कण्हायच्या. बारकीनं केलं की गप्पा मारायच्या.

"हिच्या हाताला दुखत नाही," त्या म्हणायच्या. "तुझ्या हाताला दुखतं."

"मी नर्सिंग शिकले नाही, आई."

"सुनेला शिकावं लागत नाही, मनात असावं लागतं," हे वर.

बारकी हसत पट्टी गुंडाळायची आणि निघताना चहालाही थांबायची नाही. आम्ही कधी तिला यासाठी काही विचारलं नाही, तिनं कधी मागितलं नाही. घरचीच पोर, असं आम्ही म्हणायचो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी दुसऱ्यांवर जे बोट रोखणार आहे, त्याआधी आपल्या घरातलंही दिसलेलं बरं.

पास झाल्यावर तीन महिने ती फाइल घेऊन दवाखाने पालथे घालत होती. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? अनुभव नाही म्हटलं की फाइल न उघडता परत. एकीकडे तर बाईंनी तिला समजावलं, "अगं, आधी कुठेतरी वर्षभर काम कर, मग ये." कुठेतरी म्हणजे कुठे, हे त्या बाईंना विचारायची सोय नव्हती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. यांचं तसंच आहे."

मग हा दवाखाना मिळाला. चार मजली, काचेचं दार, खाली औषधाचं दुकान. मॅनेजर म्हणाले, अनुभव नसला तरी चालेल, पंधरा दिवस ट्रायलवर ये, काम बघू, मग नेमणुकीचं पत्र देऊ. वहिनींनी त्या दिवशी कोणाच्याच कपड्यांना हात लावला नाही. आधी लेकीचे दोन युनिफॉर्म, बाहीची घडी सुरीसारखी. म्हणाल्या, "पोरगी कुठे कमी पडली तर पडो, इस्त्रीत नाही पडणार."

पंधरा दिवसांचे चार महिने झाले, ना पत्र, ना पगार.

आता तिथली एक पद्धत सांगते, कारण सगळं त्या पद्धतीवरच येऊन अडलं. दवाखान्यात प्रत्येक पेशंटची फाइल असते. औषध दिलं, इंजेक्शन दिलं, ताप बघितला, बीपी घेतलं, की वेळ लिहायची आणि पुढे देणाऱ्या सिस्टरनं सही करायची. साधी गोष्ट आहे. ज्याचा हात, त्याची सही. पण ट्रायलवरच्या मुलींना सही करायची मनाई. काम बारकी करायची आणि फाइल घेऊन वॉर्डच्या टेबलापाशी जायची. तिथे मोठ्या सिस्टर असायच्या. त्या न बघता सही करायच्या. पाच पेशंटच्या, दहा पेशंटच्या, सकाळच्या सगळ्या औषधांच्या एकदम. बारकीचं नाव फाइलमध्ये नाही, ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये नाही, हजेरीच्या वहीत तर नाहीच.

पहिले काही दिवस त्यात थोडं तरी तथ्य होतं. तिचा नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आलेला नव्हता, आणि नंबर नसताना सही चालत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात नंबर आला. ती तो कागद नाचवत आधी आमच्याकडे आली, मग खाली आईकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, मॅनेजरांना विचारते. मॅनेजर म्हणाले, बघू.

तेव्हाच मला खटकायला हवं होतं. मला ती सांगत होती, काकू, सगळं मीच करते पण कागदावर मी नाहीच. आणि मी, शिकलेली बाई, भाजी निवडत तिला काय सांगावं? "पहिली नोकरी आहे बाळा, थोडं ऐकून घे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." नोकरी नव्हतीच ती, हेही माझ्या लक्षात आलं नाही. आपण उपदेश करतो तेव्हा आपला काही खर्च होत नाही, म्हणून तो इतका सहज सुटतो तोंडातून.

तर त्या सकाळी मी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि काय झालं ते विचारलं. ती सांगत होती आणि माझी भाजी करपत होती.

दोन आठवड्यांपूर्वी वॉर्डमध्ये सहा आणि सात नंबरच्या कॉटवर दोन आजोबा होते. दोघांचं आडनाव एक, दोघांचं टक्कल एक, दोघं दिवसभर एकमेकांच्या तक्रारी करणारे. सहावाल्यांना साखरेचा आजार, त्यांना जेवणाआधी इन्सुलिन. सातवाल्यांच्या छातीत कफ, साखरेशी त्यांचा संबंध चहापुरता. दुपारी पाळी बदलायची घाई चाललेली. मोठ्या सिस्टरांनी भरलेली सिरिंज बारकीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, सातच्या आजोबांना दे."

बारकी गेली. कॉलेजात शिकवलेलं, की सुई टोचण्याआधी पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारायचं, मग ते रोजचं असो की कालचं.

"आजोबा, पूर्ण नाव सांगा."

"रोज काय नाव विचारतेस? लग्न लावायचंय का माझं?"

"सांगा तर."

त्यांनी सांगितलं. तिनं फाइल बघितली. त्या फाइलमध्ये इन्सुलिन नव्हतंच. शेजारच्या फाइलमध्ये होतं. ती तशीच सिरिंज घेऊन परत टेबलापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, हे सहाचं आहे." मोठ्या सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला म्हणे. मग सहाच्या आजोबांना ते दिलं गेलं, दिलं बारकीनंच, आणि खाली सही झाली मोठ्या सिस्टरांची. सातच्या आजोबांना साखर नसताना ते गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बेशुद्ध झाले असते. लवकर कळलं नसतं तर गेलेही असते."

"मग हे कोणाला कळलं?"

"कोणाला म्हणजे? झालंच नाही ना काही. न झालेल्या गोष्टीची नोंद कुठे करणार?"

आणि परवा झालं ते उलट. एका बाईंची सलाईनची सुई हातातून सरकली, पाणी शिरेत जाण्याऐवजी हातात साठलं, हात कोपरापर्यंत सुजला. नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. मॅनेजर वर आले. कोण होतं इथे? आणि मोठ्या सिस्टरांच्या शेजारी उभी असलेली दुसरी सिस्टर म्हणाली, "ती ट्रायलवाली."

त्या वेळी ट्रायलवाली कुठे होती? एका पेशंटला व्हीलचेअरवर घालून खाली एक्स-रेला घेऊन गेली होती. पाऊण तास रांगेत उभी होती. पण तिनं नेलं हे कुठे लिहिलेलं? कुठेच नाही. एक्स-रेच्या कागदावरही वॉर्डच्या सिस्टरचीच सही.

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, पुरावा काय?"

चांगलं झालं की सही त्यांची, वाईट झालं की चूक पोरीची. गरज सरो, वैद्य मरो असं आपण म्हणतो, पण इथे वैद्याचं मरण सोडा, वैद्य आलाच नव्हता असं लिहून ठेवायची तयारी.

मी कागद-पेन घेतलं आणि अर्ज लिहायला बसले. पहिल्याच ओळीत 'घोर अन्याय' लिहिलं. बारकी खांद्यावरून वाचत होती.

"काकू, अन्याय काढा."

"का?"

"अनुभवाचा दाखला मागायचाय. शहराच्या त्या टोकाला लहान मुलांचं हॉस्पिटल आहे, तिथे गुरुवारी मुलाखती आहेत. अनुभव असणाऱ्यांना आधी घेणार. मला चार महिन्यांचा दाखला मिळाला तर बसेन त्यात. नाही तर परत पहिल्या पायरीवर."

मी अन्याय काढला. मग 'पिळवणूक' लिहिलं. तिनं तेही काढायला लावलं. शेवटी अर्ज दोन ओळींचा झाला, इतका सभ्य की वाचून मलाच झोप आली असती. आतून सासूबाई म्हणाल्या, "अर्ज तिला लिहू दे, भांडायला तू जा." त्यांना सगळं ऐकू येतं, फक्त घड्याळ दिसत नाही.

अकरा वाजता आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मॅनेजरांची खोली थंडगार, टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो आणि कुठल्यातरी कंपनीचं कॅलेंडर. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं आणि मला विचारलं,

"तुम्ही हिच्या कोण?"

"शेजारीण."

"शेजारीण?"

"वरच्या मजल्यावरची. खालचं सगळं ऐकू येतं."

ते किंचित हसले. माणूस वाईट बोलत नव्हता, हेच जास्त वाईट. गोड आवाजात, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "हे बघा ताई, दाखला स्टाफला देतात. ही स्टाफ नव्हतीच. ट्रायल म्हणजे आम्ही शिकवतो. खरं तर शिकवणी घ्यायला पाहिजे आम्ही. माणुसकी म्हणून घेत नाही."

"चार महिने काय शिकवलंत? बीपी घ्यायला? ते ती चार वर्षं शिकून आली होती."

"ताई, रेकॉर्डवर बोलू या आपण." त्यांनी घंटी वाजवून रजिस्टर मागवली. हजेरीचं, ड्यूटीचं. स्वतः उघडून माझ्यासमोर सरकवली. "बघा. आहे कुठे नाव? तुम्हीच दाखवा, मी दाखला देतो."

मी खरंच पानं उलटली. चार महिन्यांची. रोज सकाळी पावणेसातला पायऱ्यांवर वाजलेल्या बुटांचा त्यात मागमूस नव्हता. बारकी माझ्या शेजारी हात बांधून उभी होती. तिनं रजिस्टरकडे बघितलंही नाही. तिला माहीत होतं.

"म्हणजे ही इथे कधी नव्हतीच," मी म्हटलं.

"रेकॉर्डप्रमाणे नाही."

"परवाही नव्हती."

"नाही."

"मग परवा त्या बाईंचा हात सुजला, तो कोणामुळे?"

मॅनेजरांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मी वाट बघितली. भांडणात वाट बघता येणं ही घर चालवणाऱ्या बाईची कमाई असते.

"ताई, तुम्ही शब्दात पकडू नका."

"मी रजिस्टरमध्ये पकडतेय. इथे नव्हती तर चूक तिची नाही. इथे होती तर दाखला द्या. दोन्हींतलं एक घ्या, दोन्ही तुमच्याकडे कशी ठेवता?"

त्यांनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं. त्या आल्या. पन्नाशीच्या, पायाला सूज, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं होतं कोणी राक्षसीण असेल. तशा नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या.

"सिस्टर, ही मुलगी तुमच्या हाताखाली होती का?" मी विचारलं.

त्यांनी मॅनेजरांकडे बघितलं. "काम चांगलं करते पोरगी," त्या म्हणाल्या.

"ते विचारलेलं नाही," मॅनेजर म्हणाले.

"मला वॉर्डमध्ये जायचंय, सर. पेशंट एकटे आहेत." आणि त्या गेल्या.

मॅनेजरांनी अर्जाची घडी केली, माझ्याकडे परत दिली आणि घड्याळ बघितलं. संपलं. ओरडायला माझ्या तोंडात शंभर गोष्टी आल्या होत्या, पण बारकीनं माझ्या कोपराला हात लावला, पेशंटला उठवताना लावतात तसा, आणि आम्ही बाहेर आलो.

लिफ्टपाशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. पेशंट एकटे असूनही.

"मीपण अशीच लागले होते," त्या बारकीला म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "आठ महिने. माझ्या कामाखाली दुसरीची सही. तिनं मला हेच सांगितलं होतं, सगळ्यांना यातून जावं लागतं."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं," मी म्हटलं.

"कळतं. पण मला दोन मुलं आहेत, ताई."

मलाही मुलगा आहे. फरक इतकाच की माझी नोकरी जायची नव्हती, कारण मला नोकरीच नाही. माझं शौर्य फुकटचं होतं. पण तरी सांगते, मला त्या बाईंची कीव आली आणि राग गेला नाही. आठ महिने स्वतः भोगलेलं, तेच पुढच्या पोरीच्या पदरात घालायचं आणि त्याला रीत म्हणायचं. सासवा-सुनांचं काय वेगळं असतं? त्या सातच्या आजोबांचा जीव ज्या पोरीनं वाचवला, आणि त्याबरोबर या बाईंची नोकरीही वाचवली, तिच्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. 'हो, होती.' दोन शब्द.

खाली काचेच्या दारापाशी बाकावर दोन मुली बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकच्या फाइली, नवे पांढरे बूट, एकीच्या बुटाचं लेबल अजून तळाला चिकटलेलं. वरच्या भिंतीवर कागद लावलेला, 'नर्सेस पाहिजेत. अनुभवाची अट नाही.' मी तो कागद वाचला आणि मला त्या मॅनेजरांचं शहाणपण एकदम उलगडलं. पंधरा दिवस, चार महिने, मग एखादी चूक, मग नवा बाक. यांना स्टाफ लागतच नव्हता. यांना फक्त बाक भरलेला लागत होता.

मी त्या मुलींना सांगणार होते, उठा, घरी जा. पण बारकी त्यांच्यापुढे आधी थांबली.

"तिसऱ्या मजल्यावर ड्यूटी मिळाली तर म्हणून सांगते," ती म्हणाली. "खिडकीजवळचं बीपीचं मशीन दहानं जास्त दाखवतं. त्यावर औषध देऊ नका. कपाटात जुनं हातानं फुगवायचं आहे, ते काढा."

मुलींनी मान डोलावली. एकीनं विचारलं, "तुम्ही इथे सिस्टर आहात?"

"होते," बारकी म्हणाली.

रस्त्यात मी चिडले. तिच्यावरच. "एवढं तुला हाकललं आणि तू त्यांची मशीनं सांगत बसलीस?"

"काकू, मशीन मॅनेजरांना थोडीच लावणार आहेत."

घरी आलो तेव्हा वहिनी टेबलापाशी उभ्या होत्या. इस्त्री हातात, पण कपड्यावर नाही, हवेत. त्यांनी आम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, "सकाळी पोरगी निघाली आणि परत येऊन वर गेली. जिना माझ्या डोक्यावरून जातो, मला कळत नाही होय? सांगा आता."

मी सांगितलं. सगळं, रजिस्टरसकट. वहिनींनी इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे चार महिने मी इस्त्री कोणाच्या युनिफॉर्मला केली? तिथे कोणी नव्हतंच तर?" आणि त्यांनी टेबलावर पडलेला कोणाचातरी शर्ट इतक्या जोरात झटकला की बटण उडालं. मग दोघी मायलेकी टेबलाखाली वाकून बटण शोधत बसल्या. रडायचं असेल तर तेवढ्यात रडून घेतलं असेल. मी वर निघून आले.

त्या रविवारी बारकी सासूबाईंच्या ड्रेसिंगला आली तेव्हा मी एक वही घेतली. तारीख टाकली, वेळ टाकली, आणि लिहिलं, पायाचं ड्रेसिंग, जखम कोरडी. पुढे तिचं नाव लिहायला पेन तिच्या हातात दिलं.

"हे काय, काकू? घरात कोण नोंद ठेवतं?"

"मी ठेवते आता. फार उशिरा सुचलं."

सासूबाई म्हणाल्या, "माझाही अंगठा घ्या हवं तर."

तिनं हसत नाव लिहिलं. दाखला म्हणून त्या वहीचा शून्य उपयोग होता हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

गुरुवारी मी तिच्याबरोबर लहान मुलांच्या हॉस्पिटलला गेले. वहिनींना काम सोडून निघता येईना, म्हणून मी. जुनी बसकी इमारत, पण फरशी धुतलेली, आणि कुठेतरी सतत एक मूल रडतंय, एक हसतंय. नऊ मुली होत्या. सात जणींच्या फाइलमध्ये दाखले होते. मी सगळ्यांच्या फाइलकडे बघून घेतलं, ते बरं नव्हे, पण बघितलं.

मुलाखत घेणाऱ्या मेट्रनबाई, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टर, उतारवयाच्या, चष्मा नाकावर. त्यांनी खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं, कारण समोर वॉर्ड होता आणि त्यांचा अर्धा डोळा तिकडे. त्यामुळे बाकावर बसून मला सगळं ऐकू आलं.

"अनुभव?" त्यांनी विचारलं.

"चार महिने. पण दाखला नाही."

"का?"

बारकीनं सांगितलं. रडगाणं नाही, कोणाला शिव्या नाहीत, दवाखान्याचं नावसुद्धा घेतलं नाही. ट्रायलवर होते, सही करायची परवानगी नव्हती, रजिस्टरमध्ये नाव नाही. पाच वाक्यं. मी सांगितलं असतं तर पन्नास झाली असती.

"मग तू काम केलंस हे मी कशावरून मानू?"

"मानू नका, मॅडम. वॉर्डमध्ये उभं करून बघा."

मेट्रनबाईंनी चष्मा वर सरकवला. "बघणारच. पहिला महिना आमच्याकडेही बघतातच सगळ्यांना. चालेल?"

"चालेल."

"मुलं चावतात. ओकतात अंगावर. आया-आज्या डोकं खातात."

"आज्यांची सवय आहे."

"शिफ्ट कुठलीही मिळेल. पहिल्या वर्षी मागून मिळत नाही."

"चालेल."

मेट्रनबाई काहीतरी लिहीत होत्या. पेनचा आवाज बाहेर येत होता. बाकावरची पुढची मुलगी उठून उभी राहिली होती, तिची पाळी आली असं समजून. मेट्रनबाईंनी हातानंच तिला बसायला सांगितलं आणि बारकीला विचारलं, "तुझी काही अट? पगार, सुट्टी, काही? इथे आधी बोललेलं बरं, नंतर कुरकुर नको."

मी बाकावर पुढे सरकले. मनात म्हटलं, माग, आता तरी माग काहीतरी.

"अट नाही, मॅडम," बारकी म्हणाली. "एक विनंती आहे. पहिल्या दिवसापासून, ज्या मुलाला मी औषध देईन, त्याच्या फाइलमध्ये मला माझी सही करू द्या."